चार तास, फार चढ

माझ्या भावजयीला इंग्रजी माझ्याआधी आलं. मला आलं ते एकच वाक्य, पण त्या एका वाक्यावर मी अख्खा हंगाम मारून नेला.

माझं ठिकाण मोयेपांपा. गावातून निघालेली वाट आपुरिमाक नदीपर्यंत उतरते, झुलता पूल ओलांडते आणि पलीकडच्या कड्याला लागते. पूल ओलांडून घामाघूम झालेला माणूस पहिल्यांदा जिथे बूड टेकतो ते माझं अंगण. मोयेची, म्हणजे मिरीसारखी लाल फळं धरणारी, तीन झाडं, एक चूल, तंबू ठोकायला सपाट केलेले जमिनीचे चार तुकडे. तिथून वर वायरापाता. तिथे माझा धाकटा भाऊ मेलितोन आणि त्याची बायको दोमितिला राहतात. आणि त्याच्याही वर, आणखी बरंच चढून गेलं की ते जुनं दगडी शहर, जे बघायला गोरे लोक तीन-तीन विमानं बदलून येतात.

मोयेपांपा ते वायरापाता अंतर दोन बारांचं. आमच्याकडे वाट अशीच मोजतात. गालात कोकाच्या पानांचा बार भरायचा आणि चालू लागायचं. पानांची चव उतरली की एक बार झाला. मग बसायचं, थुंकायचं, नवा भरायचा. आणि वाटेबद्दल खोटं बोलायचं नाही. आमच्यातला माणूस जमिनीच्या हद्दीबद्दल खोटं बोलेल, बैलाच्या वयाबद्दल बोलेल, पोराच्या बापाबद्दलही बोलेल. पण वाटसरूने 'किती राहिलं?' विचारलं तर वैऱ्यालाही खरं सांगायचं. कड्यावर अंधारात सापडलेला माणूस दरीत जातो, आणि डोंगर सगळं ऐकत असतो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मेलितोनला मी वाढवला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी अकराची. खेचराच्या पाठीवर ओझं कसं आवळायचं ते त्याला मी शिकवलं. त्याच्या गालात पहिला बार मीच भरून दिला. तापाने फणफणलेला असताना त्याला पाठीशी बांधून मी गावातल्या दवाखान्यात नेला, पाच बारांची वाट, मध्ये एकदाही न बसता. माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा हा कुणाकडे राहणार म्हणून मीच मोडलं. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. बरं, दाखवते. दोमितिलाला तर दर सणाला दाखवते.

ही दोमितिला पलीकडच्या खोऱ्यातली. क्रुसाच्या सणाला नाचायला आली आणि नाचता नाचता माझा भाऊ घेऊन गेली. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच तो वायरापाताला राहायला गेला. "ताई, वर वारा आहे, झरा आहे, तंबूंना जागा आहे," म्हणाला. मोयेपांपाच्या उकाड्यात बावीस वर्षं सुखाने घोरलेल्या पोराला अचानक वाऱ्याशिवाय झोप येईना.

वारा तिथे आहे, हे मात्र खरं. चिलटं नाहीत, समोर बर्फाचे डोंगर दिसतात. त्यामुळे व्हायचं असं, की गोरे लोक दुपारी एक-दोनच्या सुमाराला माझ्याकडे टेकायचे. लिंबूपाणी प्यायचे, बूट काढून पायाचे फोड मोजायचे आणि वर बोट दाखवून विचारायचे. मी दोन बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे त्यांना दोन तास वाटायचे, आणि पाठीवर ओझं घेऊन त्यांना लागायचेही तेवढेच. मग ते उठायचे, जायचे, आणि रात्री दोमितिलाकडे जेवायचे, झोपायचे, सकाळी तिच्या अंगणात उभं राहून बर्फाचे फोटो काढायचे. माझ्याकडे उरायच्या लिंबाच्या साली. त्या वेळी फोनमध्ये नकाशे नव्हते, आणि नगरपालिकेने लावलेल्या पाट्या कुणीतरी केव्हाच चुलीत घातल्या होत्या. वाटेचं जे काही कळायचं ते वाटेवरच्या माणसाकडूनच.

त्या वर्षी पावसात वाट बंद असताना नगरपालिकेने आम्हा वाटेवरच्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. दर रविवारी, गावच्या शाळेत. एदिल्बेर्तो मास्तर आबांकाय शहरातून यायचे. बारीक माणूस, खिशात कंगवा, आणि फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. आम्ही चौदा जण पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो. दोमितिला पहिल्या बाकावर. तिच्या शेजारी मेलितोन. मी मागे, खेचरवाल्या फेलिसियानोच्या बाजूला, जिथे कोकाचा आणि खेचरांचा वास यायचा.

"गोरा माणूस सगळ्यात आधी काय विचारतो?" मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"संडास कुठे आहे," फेलिसियानो म्हणाला.

वर्ग हसला. मास्तरही हसले. "बरं, ते झाल्यावर?"

"किती वेळ लागेल," दोमितिला म्हणाली.

"शाब्बास! म्हणून आपण वेळापासून सुरुवात करू." मास्तरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला वेगाचे शब्द, दुसऱ्या बाजूला वेळ लागण्याचे आणि टिकण्याचे. मग ते आमच्याकडे वळले. "आता मला सांगा, तुमचा हा एक बार म्हणजे किती मिनिटं?"

हे त्यांनी विचारायला नको होतं.

"चाळीस," कुणीतरी म्हणालं.

"चाळीस कसली? आधी तोंड कुणाचं ते बघा. फेलिसियानोने भरला तर दुपार जाईल."

"चढाचा वेगळा आणि उताराचा वेगळा!"

"पानं ताजी असली तर जास्त टिकतो."

"माझी बायको गेली त्या दिवशी भरला होता," म्हातारा सेनोबियो कोपऱ्यातून म्हणाला, "तो संपतच नव्हता."

मास्तरांच्या हातात खडू तसाच राहिला. तेव्हा दोमितिला उठली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही पंचेचाळीस लिहा. पुढचं आम्ही गोऱ्यांचे पाय बघून वाढवू." पुन्हा हशा झाला, सेनोबियोसुद्धा हसला, आणि मास्तरांनी पंचेचाळीस लिहिलं. मी नाही हसले. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं?

तिला सगळंच सुचायचं. "मास्तर, पळणारं खेचर आणि झटकन होणारं सूप, दोघांना शब्द एकच चालतो का हो?" तिने विचारलं, आणि मास्तर असे खूश झाले की पूर्ण अर्धा तास तिच्या एकटीच्या प्रश्नावर गेला. खेचर 'फास्ट', सूप 'क्विक'. खेचर लंगडं असलं तर 'स्लो'. वाट वेळ 'घेते'; बूट, बॅटरी आणि हंगाम 'टिकतात'. दोमितिला मान डोलावत लिहून घेत होती. मेलितोन तिच्या वहीत बघत होता. लहानपणी अक्षरं गिरवताना तो माझ्या पाटीत असाच बघायचा.

माझी पाळी आली की जीभ टाळ्याला चिकटायची. "बसा, निकासियाबाई, सावकाश येईल," मास्तर म्हणायचे. सावकाश! शेवटच्या रविवारी त्यांनी प्रमाणपत्रं वाटली. पहिलं नाव दोमितिलाचं. माझ्या कागदावर फक्त हजर होते एवढंच लिहिलेलं होतं. मेलितोनने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि मागे वळून मला म्हणाला, "ताई, वाजव ना!" मी वाजवल्या.

पण एक वाक्य मी त्या वर्गातून घेऊन आले होते. खेचरांना चारा टाकताना, बटाटे सोलताना, मी ते घोकत राहिले. खरं सांगायचं तर घोकताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मलाही मास्तरांसारखं तोंडातून खडखडीत इंग्रजी काढायचं होतं, एवढंच. तासांचा आकडाही मी खरा, दोनच घोकत होते.

मग मे महिन्यात क्रुसाचा सण झाला, वाट उघडली, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेलितोन गावाहून सामान भरून वर निघाला. खेचरांना म्हणत होता, "स्लोली, स्लोली," आणि स्वतःच हसत होता. मी चुलीवर सूप ठेवलं होतं. तो यायचा त्या दिवशी मी नेहमीच ठेवायची.

"बस ना."

"नाही गं ताई, घाईत आहे. दोमितिला वाट बघतेय."

"बार तरी बदल."

"वर बदलतो."

आणि गेला. माझ्या अंगणातून बार न बदलता तो कधी गेला नव्हता. लग्नानंतरही नाही. मी सुपाकडे बघत बसले, आणि मग ते सगळं खेचरांच्या बादलीत ओतलं. ती आता त्याला शब्दही शिकवणार, हसायला कशावर तेही तीच ठरवणार, आणि मी इथे खाली लिंबाच्या साली गोळा करणार.

त्याच दुपारी नवरा-बायकोचं एक जोडपं आलं. उंच, टोमॅटोसारखं लाल, खांद्यावर घरभर ओझं. लिंबूपाणी प्यायले. बाईने वर बोट दाखवून विचारलं. सूर्य अजून चांगला वर होता.

"फोर अवर्स," मी म्हणाले. "व्हेरी स्टीप."

चार तास, फार चढ. एक अक्षर अडखळलं नाही. बाईने आभाळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने खांद्यावरचं ओझं धप्पकन जमिनीवर टाकलं. त्या धप्पकनचा आवाज मला अजून आठवतो. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्या रात्री भीती वाटली का? थोडी वाटली. मी वाटेबद्दल खोटं बोलले होते. पण आमच्या भाषेत नव्हते बोलले. डोंगराला इंग्रजी येत नाही, असा माझा हिशेब. शिवाय अंधारात कुणी सापडलं नव्हतं. उलट बिचारे माझ्याकडे पोटभर जेवून सुखाने झोपले होते. मी स्वतःला हे बऱ्याच वेळा सांगितलं.

आणि माझा डावही सरळ होता. दोमितिलाकडे रात्रीला कुणी थांबलं नाही, की वायरापाता चालणार नाही. वायरापाता चालली नाही, की मेलितोन खाली येईल. माझ्याकडे मागची खोली रिकामीच होती. तो येईल, आणि यायचं असेल तर त्याच्यामागून ती येईल, आणि मग चूल माझी असेल.

रोज एक-दोन जोडपी, कधी पाच-सहा जणांचा घोळका. रोज तेच वाक्य. कुणी भुवया उंचावल्या तर मी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकून दाखवायची. जूनमध्ये माझे चारही तुकडे तंबूंनी भरले. वायरापाताच्या कडेला उभं राहिलं की माझं अंगण सबंध दिसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तंबू झाडाखाली लावू द्यायची नाही, पार उघड्यावर लावायला सांगायची. लाल, पिवळे, निळे. म्हटलं, वरच्या बाईने नीट मोजावेत.

आता अक्कल चालवली असती तर मला कळायला हवं होतं. माझ्याकडे झोपलेले गोरे सकाळी उठून वर जायचे, आणि चार तासांची वाट दोन तासांत संपून दोमितिलाच्या अंगणात उभे राहायचे. ते काय गप्प बसणार?

जूनच्या शेवटी एक दाढीवाला जुन्या शहराहून परत उतरला. त्याला आमची स्पॅनिश येत होती. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "बाई, तुमचा गुडघा कसा आहे आता?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"वरच्या बाईंनी सांगितलं. आम्ही त्यांना म्हणालो की खालच्या बाईंनी चार तास सांगितले होते. तर त्या म्हणाल्या, त्यांचा गुडघा गेलाय, बिचाऱ्या स्वतःच्या पायाने मोजतात, रागावू नका." आणि त्याने पिशवीतून मलमाची नळी काढून माझ्या हातात ठेवली.

मला लंगडी केली! मी ती नळी घेऊन त्याच्यासमोर अंगणाची पायरी तीनदा चढले आणि तीनदा उतरले. तो हसला. त्याला वाटलं मलमाच्या आनंदात नाचतेय.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत असणार. मी वाट बघत राहिले, की आता ती तरातरा खाली येईल, बाह्या सरसावून भांडेल, माझ्या झिंज्या ओढेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती आली नाही. उलट मेलितोनच्या हाती माझ्यासाठी मक्याचं गोड पीठ पाठवलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. गप्प राहून ती माझ्यापेक्षा मोठी होत होती, आणि ते मला अजिबात सहन होत नव्हतं. मी तेच वाक्य आणखी जोरात म्हणू लागले.

जुलैत एका दुपारी मेलितोन आला आणि या खेपेला बसला. घाई नव्हती त्याला. सूप घेतलं, चमचा बुडवला आणि तसाच ठेवला.

"ताई, आमचं काहीतरी बिघडलंय."

"काय बिघडलंय?"

"रात्रीला कुणी थांबतच नाही. सकाळी नऊ वाजता येतात, चहा पितात, फोटो काढतात आणि पुढे जातात. दोमितिलाने नवी पांघरुणं विणली होती. घडीसुद्धा मोडली नाही. कुणाची नजर लागली का गं?"

"आजकालचे गोरे नाजूक आहेत," मी म्हणाले. "पूल ओलांडला की गळून जातात."

"तू इथे बघतेस. तू म्हणतेस तर तसंच असेल." आणि मग त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, आणि माझा तीस वर्षांचा भाऊ माझ्या चुलीपाशी बसून रडला. मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं, पाठीवरून हात फिरवला. तो दोन बार संपेपर्यंत बसला होता, लग्नाआधी बसायचा तसा. मला लाज वाटली का? वाटली. पण तो माझ्याजवळ बसला होता, आणि ते मला लाजेपेक्षा मोठं होतं. आमच्या पाठीमागे अंगणात त्या वेळी सहा तंबू होते.

सप्टेंबरच्या मध्यावर वरून खेचरांच्या घंटा वाजल्या. मी बाहेर येऊन बघितलं. दोन खेचरं, दोन्ही लादलेली. गाद्या, पातेली, पांघरुणांचं गाठोडं, टोपलीत कोंबड्या. पुढे मेलितोन, मागे दोमितिला. मी हातातली पळी तिथेच टाकली. आले! मागची खोली मी ऑगस्टमध्येच सारवून ठेवली होती, खिडकीला नवा कागद लावला होता. मी धावत गेले आणि पहिल्या खेचराचा दोर सोडायला हात घातला.

"नको, ताई," मेलितोन म्हणाला. "सैल करू नकोस. आम्ही पुढे चाललोय."

"पुढे कुठे?"

"माल्दोनादोला. जंगलात. दोमितिलाच्या मामाची ओळख आहे, लाकडाच्या गिरणीत काम मिळतंय. तुला कालच सांगायला येणार होतो, पण पाय निघेना."

"आणि मी?"

"तुझं तर छान चाललंय, ताई. देवाची कृपा." हे तो मनापासून म्हणाला. त्याच्या तोंडावर कुठेही दुसरा अर्थ नव्हता.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. फार तर तीन. झरकन जातील बघ." आणि तो माझ्याकडे न बघता खेचराचा पट्टा तपासायला लागला. असं बोलताना माणूस कुठे बघतो ते मला चांगलं माहीत आहे. पाच महिने मी रोज तेच केलं होतं. तो परत येणार नव्हता. मग तो खेचरांना पाणी पाजायला हौदाकडे घेऊन गेला.

दोमितिला कोंबड्यांची टोपली घेऊन माझ्या ओट्यावर टेकली. वाळली होती. तोंडावरचं हसू मात्र जागच्या जागी होतं.

"तू अडव त्याला," मी म्हणाले.

"मी? वन्सं, अडवायचा उपाय एकच होता. तो मी केला नाही."

"कुठला उपाय?"

"'चार तास, फार चढ,'" ती म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या उच्चारात. "तुम्ही गोऱ्यांना हे सांगता, एवढं ह्यांच्या कानावर घातलं असतं तर ते राहिले असते. पण त्यांची ताई गेली असती."

"मग सांगायचं होतंस. मी काय तुला भिते?"

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले. उगीच मनात आणू नका. आतून मोडलेला नवरा मलाच सांभाळावा लागला असता, म्हणून. माझं घर गेलं, जाऊ दे, माल्दोनादोत दुसरं करीन. त्यांची ताई मी कुठून आणू?" तिने टोपलीतल्या कोंबडीची मान आत ढकलली. "आता तुम्हीही गप्प राहा, वन्सं. हसत निरोप द्या. मी त्यांना यातलं काही कळू देणार नाही. तुम्ही त्यांच्या मनात आहात तशाच राहाल."

तशाच राहाल! म्हणजे माल्दोनादोच्या जंगलात रोज रात्री माझा भाऊ माझी आठवण काढणार, आणि रोज रात्री ही शेजारी पडून गालातल्या गालात गप्प राहणार. माझी त्याच्या मनातली जागा आता हिच्या मेहरबानीवर. मी वाढवलेला, मी पाठीवर वाहून नेलेला माझा भाऊ, आणि त्याने मला किती चांगलं समजायचं ते ही ठरवणार. त्याला सगळ्यात मोठं जे काही कुणी दिलं असेल ते आपलं घर सोडून तिने दिलं होतं, मी नाही. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. त्याचं भलं, माझं भलं, काही नाही.

"मेलितोन!" मी ओरडले. "इकडे ये!"

"वन्सं, नको," दोमितिला उठून उभी राहिली.

तो हौदाकडून आला, बाहीला हात पुसत.

"गोरे तुमच्याकडे थांबत नव्हते ते नजर लागली म्हणून नाही," मी म्हणाले. "मी त्यांना चार तास सांगत होते."

"कशाचे चार तास?"

"इथून तुमच्याकडे यायला."

"ताई, जाताना थट्टा नको."

मी ते वाक्य म्हणून दाखवलं. जसं गोऱ्यांना म्हणायची तसंच, गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकून. त्याला आता तेवढं इंग्रजी येत होतं. बायकोनेच शिकवलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्याला हसू आलं, मग ते अर्ध्यावर थांबलं.

"किती दिवसांपासून?"

"क्रुसाच्या सणापासून."

तो मनात महिने मोजत असावा, त्याची बोटं हलली. "मी इथे बसून रडलो, तेव्हाही?"

"तेव्हा मागे सहा तंबू होते."

"तू मला दुसऱ्यांदा वाढलंस."

"हो."

"वाटेबद्दल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "निकासिया, वाटेबद्दल खोटं बोललीस." जन्मात पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली.

मग तो वळला, पुढच्या खेचराचा लगाम धरला आणि त्याचं तोंड फिरवलं. वरच्या दिशेला.

"माल्दोनादोचं काय?" दोमितिलाने विचारलं.

"आपल्या जागेला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "चल."

तो माझ्यासमोरून गेला. हात लांब केला असता तर त्याच्या बाहीला लागला असता, एवढ्या जवळून. माझ्याकडे बघितलं नाही. सूप चुलीवर होतं. खेचरं पहिल्या वळणाला लागली.

दोमितिला टोपली उचलून त्याच्यामागे निघाली, आणि चार पावलांवर थांबली. तिच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदा गेलेलं होतं.

"का बोललात, वन्सं? मी घेऊन चालले होते ना सगळं माझ्याबरोबर. तुम्हाला कसलीच झळ लागली नसती."

"म्हणूनच," मी म्हणाले.

तिला लगेच कळलं. तिला सगळं लगेच कळतं.